जाळ्याचा वाटा

किहीमला तीन दिवस राहून आले म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या बायकांनी लागोपाठ दोन प्रश्न विचारले. "पाण्यात खेळलात का?" आणि "मासे काय काय खाल्लेत?" दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, ते पुढे येईलच. पहिल्याचं उत्तर असं, की मी तिथे भांडण मिटवायला गेले होते. चार देशांचं भांडण होतं आणि ते लावलंही मीच होतं.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल आहे. पुस्तकं मागायला हल्ली फारसं कुणी येत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी आमच्या संचालकसाहेबांनी माझ्या गळ्यात एक नवं काम घातलं. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका इथले संशोधक दर वर्षी किती शोधनिबंध लिहितात ते मोजायचं आणि एकमेकांशेजारी मांडायचं. हे ऐकून लोक जांभई देतात. खुशाल द्या, पण या कामात गंमत आहे. एकच माणूस एका निबंधात आडनाव आधी लिहितो, दुसऱ्यात नंतर. तिसऱ्यात त्याचं गाव बदललेलं असतं. तो एकच की तिघं वेगळे, हे शोधत मी दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत. घरात हरवलेली चष्म्याची डबी मला सापडत नाही, पण ढाक्यातला हरवलेला प्राध्यापक मी बरोबर शोधून काढते.

तर या सहा वर्षांच्या कामाचा अहवाल निघायचा होता. तीन शेजारी देशांतून एकेक जाणकार येणार, कोणत्या पद्धतीने मोजायचं ते सगळे मिळून ठरवणार आणि सह्या करणार. साहेबांच्या घरी नेमकं लग्न निघालं, त्यामुळे ते येणार नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "सुनंदाबाई, रविवारच्या बोटीत पाहुणे बसायच्या आत तिघांच्या सह्या एका पद्धतीवर घ्या. चौथी माझी, ती मी इथे करीन. नाही जमलं तर महिनाअखेर प्रकल्प बंद. मग ते सगळं कपाटात जाईल."

सगळं म्हणजे माझी सहा वर्षं. कच्च्या अहवालाच्या पहिल्या पानावर चार नावं होती, तीन पाहुण्यांची आणि साहेबांची. माझं नाव शेवटच्या पानावर, आभारांमध्ये, छपाई करणाऱ्या गृहस्थांच्या खाली: 'तांत्रिक साहाय्य'. ते पान मीच टाइप केलं होतं, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे?

आता माझी चूक सांगते. मला सगळं वेळेवर आणि नीटनेटकं लागतं. म्हणून मी पंधरा दिवस आधी चारही पद्धतींनी मोजून चार तक्ते तयार केले आणि 'येताना वाचून यावे' असं लिहून तिघांनाही पाठवून दिले. पाहुण्यांची सोय केली, म्हणून स्वतःवर खूशही झाले.

शुक्रवार, मांडवा

पुण्याहून अलिबागला एसटीने आणि तिथून रिक्षाने मी मांडव्याच्या जेटीवर पोचले. जानेवारीचं ऊन, वारा बेताचा. गेटवेहून येणारी बोट धक्क्याला लागली आणि पाठीवर पिशव्या टाकलेल्या शनिवार-रविवारवाल्या गर्दीतून माझे तीन पाहुणे उतरले.

पुढे होते ढाक्याचे प्राध्यापक रशीद. पोट सुटलेलं, चेहरा हसरा, आणि उतरता उतरताच पहिला प्रश्न, "इथे मासे कुठले मिळतात?" त्यांच्यामागे कँडीच्या डॉक्टर निलंती, साडीची निरी बोटीच्या प्रवासातही जागच्या जागी, काखेत कागदांची फाइल. सगळ्यांत मागे रेलिंग घट्ट धरून उभे होते काठमांडूचे थापा. चाळिशी ओलांडलेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होता आणि त्याला खाली उतरायचंच नव्हतं.

थापांची आणि माझी कागदोपत्री ओळख जुनी. माझ्या यादीत त्याच आद्याक्षरांचे तीन थापा होते. मी धीर करून विचारलं, "तुम्ही हिमनद्यांचे थापा की मधमाश्यांचे?"

"हिमनद्यांचा," ते म्हणाले. "मधमाश्या मला चावतात."

मी मान खाली घातली. गेली दोन वर्षं मधमाश्यांवरचे सगळे निबंध मी यांच्या खात्यात घालत होते.

आमचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि हातवारे यांच्या मिश्रणात चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. रशीद मला आपा म्हणायला लागले, थापा दिदी, निलंती अक्का. किहीमच्या कॉटेजवर पोचलो तर तिथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या वंदनाताई दारातच म्हणाल्या, "या ताई." अर्ध्या दिवसात मी चार भाषांत मोठी बहीण झाले. एवढी पदं तर संस्थेत तीस वर्षांत मिळाली नाहीत.

मांडव्याहून येताना वाटेत नारळाच्या वाड्या लागल्या, तेव्हा निलंती टॅक्सीच्या खिडकीतून बघत म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे झाडं जवळजवळ लावतात." टीका होती की नुसतं निरीक्षण, कळायला मार्ग नव्हता. वंदनाताईंनी शहाळी फोडून दिली तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा हसल्या आणि आतली मलई चमच्याशिवाय कशी काढायची ते आम्हाला दाखवलं. शहाळ्याच्या सालीचाच एक तुकडा छाटून त्याने मलई खरवडायची. आमच्याकडेही अगदी असंच करतात, असं वंदनाताई म्हणाल्या आणि त्या दोघींची दोस्ती झाली. निलंतींना मराठीचं अक्षर येत नव्हतं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, पाणी पार लांब. थापा चालता चालता पळायला लागले, बुटांसकट. पाण्याशी पोचल्यावर बूट काढून वाळूवर ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत शिरले. पाणी पुढेही येतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हा तिघांना सांगायचं सुचलं नाही, कारण आम्हाला ते जन्मापासून माहीत. डावा बूट सापडला. उजवा गेला. थापांनी वाईट वाटून घेतलं नाही. "हिमनदीचं पाणी शेवटी इथेच येतं ना," म्हणाले, "मग माझा एक बूट इथे राहायला हरकत नाही." पुढचे दोन दिवस ते वंदनाताईंच्या नवऱ्याच्या चपला घालून हिंडले.

शनिवार, किहीम

सकाळी घावणे आणि नारळाची चटणी खाऊन आम्ही पडवीत बैठकीला बसलो. बसल्या बसल्या तिघांनीही आपापल्या पिशवीतून एकेक कागद काढला. तिघांच्या हातात माझाच तक्ता होता, पण प्रत्येकाच्या हातात वेगळा.

मोजण्याची भानगड थोडक्यात सांगते. समजा, एका निबंधाचे चार लेखक आहेत. दोन भारतातले, एक नेपाळचा, एक कुठल्या तरी दूरच्या देशातला. हा निबंध कुणाचा? अख्खी मोजणी म्हणते, प्रत्येक देशाला एकेक पूर्ण निबंध द्या. नेपाळचं बरंच संशोधन इतरांच्या जोडीने होतं, त्यामुळे थापांच्या हातात अख्ख्या मोजणीचा तक्ता. वाट्याची मोजणी म्हणते, चार लेखक तर पाव-पाव वाटा. त्यात भारताचं बरं दिसतं, म्हणून साहेबांनी माझ्या पिशवीत तो तक्ता वर ठेवला होता. निलंतींकडे डोईमागे मोजणी, म्हणजे लोकसंख्येने भागायचं, कारण त्यांचा देश लहान. आणि रशीद यांच्याकडे वाढीची मोजणी. पूर्वी किती आणि आता किती, तेवढंच बघायचं. त्यात बांगलादेश उजवा.

"अक्का, शास्त्रीय पद्धत एकच आहे," निलंती म्हणाल्या. "डोईमागे."

"म्हणजे आमच्याकडे माणसं जास्त जन्मली हा आमच्या प्राध्यापकांचा गुन्हा?" रशीद म्हणाले.

"अपूर्णांकाने मोजलंत तर नेपाळ दिसायचाच नाही," थापा म्हणाले. "हिमालय आमचा, बर्फ आमचा, वर चढून नमुने आम्ही आणायचे. आणि सात लेखकांत आमचा एक म्हणून वाटा किती? एक सप्तमांश."

मी साहेबांच्या तक्त्याची बाजू मांडली, कारण तेवढ्यासाठीच मला पाठवलं होतं. माझं बोलणं संपायच्या आत तिघांनीही डोळे मिटून घेतले. तीन देशांचं एवढंच काय ते एकमत झालं.

दुपारपर्यंत हेच. सगळे अतिशय सभ्यपणे भांडत होते, दर वाक्याला 'आपल्याबद्दल पूर्ण आदर राखून' वगैरे, आणि त्यामुळे भांडण लांबत होतं. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून भांडण होतं ते दहा मिनिटांत संपतं, कारण तिथे कुणी आदर राखत नाही.

जेवायला वंदनाताईंनी तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि पांढरा कांदा वाढला. रशीद यांनी पहिला घास घेतला आणि डोळे विस्फारले. "आपा, हा लोइट्टा आहे! लोइट्टाची शुटकी!" लोइट्टा म्हणजे बोंबील, शुटकी म्हणजे सुकी मासळी. आईच्या हातचं आठवून ते भरभरून बोलत सुटले. त्यावर निलंती म्हणाल्या, त्यांच्याकडे सुक्या मासळीला करवल म्हणतात आणि ती नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. थापा म्हणाले, "समुद्र नसला म्हणून काय झालं? आमच्या बाजारातही बारकी सुकी मासळी मिळते. सिद्रा. टोमॅटोबरोबर वाटून लोणच्यासारखी खातो." चार घरांत चार नावांनी तोच वास. त्या अर्ध्या तासात कुणी तक्त्याला हात लावला नाही. मला वाटलं, आता जमतंय.

कसलं जमतंय! हात धुतल्याबरोबर सगळे आपापल्या कागदावर परत.

संध्याकाळी वंदनाताईंनी मागच्या वाडीत पोपटी लावली. थंडीच्या दिवसांत या भागात गेलात तर हे चुकवू नका. मातीच्या मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायच्या. रशीद यांना दर पाच मिनिटांनी ते उघडून बघायचं होतं.

"उगडायचं न्हाय," वंदनाताई म्हणाल्या. "मंग एकदाच उगडायचं." मग मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्रर्र झालं, त्यांनी वास घेतला आणि मान हलवली. "झाली."

तशी कोवळी शेंग मी पुण्यात कधी खाल्लेली नाही. हात काळे, तोंडं काळी, सगळे खूश. आणि तशा खुशीतच निलंती शेंग सोलत शांतपणे मला म्हणाल्या, "अक्का, मी उद्या सही करणार नाही. रागाने म्हणत नाही. पण जो तक्ता माझ्या लोकांना खाली दाखवतो, त्यावर सही करून मी घरी कशी जाऊ?"

थापांनी मान डोलावली. रशीद यांनी हातातली कोंबडी पानात ठेवली, म्हणजे तेही गंभीर होते.

मला रडू फुटायचं बाकी होतं. ज्या थापांच्या मधमाश्या मी वेगळ्या काढणार होते, ज्या प्राध्यापकांची हरवलेली गावं मी शोधली होती, ते सगळं आता कपाटात. वंदनाताई दिवसभर आमचं ऐकत होत्या. शब्द कळत नसले तरी सूर कळतो. म्हणाल्या, "ताई, सकालपासना नुसतं भांडताव तुमी. उद्या पाव्हन्यांना रेवदंड्याला न्या. माजं माह्यार हाय. भावाची बोट सकाली येल. जरा हवा लागू द्या डोक्याला."

दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

रविवार, रेवदंडा

सकाळी लवकर निघून अलिबाग, नागाव, चौल मागे टाकत रेवदंड्याला पोचलो. सुपारीच्या वाड्यांमधून रस्ता जातो आणि सावली इतकी गार, की जानेवारीत शाल लागते. रेवदंड्याला खाडी समुद्राला मिळते. किनाऱ्यावर बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील जोडी-जोडीने लटकवलेले होते. रशीद त्या रांगांमधून एखाद्या प्रदर्शनातून हिंडावं तसे हिंडले. अलिबागकडे जाणाऱ्या रिक्षांत बायका मासळीच्या टोपल्या चढवत होत्या आणि रिक्षावाला प्रत्येकीशी हुज्जत घालत होता.

वंदनाताईंचा भाऊ हिराजी, म्हणजे बोटीचा तांडेल, बोटीवरचा मुख्य माणूस. त्याची बोट आमच्यादेखतच लागली. विकायची मासळी टोपल्यांतून लिलावाकडे गेली. घरी खायची मासळी मात्र हिराजीने तिथेच ओल्या वाळूत ओतली आणि तिचे ढीग घालायला सुरुवात केली. बोंबील, मांदेली, थोडी कोळंबी. एक इथे, एक तिथे, हात भराभर चालत होता. वजन नाही, काटा नाही.

सवयच ती, आम्ही चौघंही मोजायला लागलो. माणसं पाच होती. ढीग सात पडले.

"सात कसे?" थापांनी विचारलं. मी मराठीत हिराजीला विचारलं.

"पाच आमचे. ह्यो एक होडीचा," हिराजी म्हणाला. "आनि ह्यो जाल्याचा."

जाळ्याचा ढीग त्याने टोपलीत भरला आणि पलीकडे सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसासमोर नेऊन ठेवला. ते त्याचे धर्माकाका. मांडीवर जाळं पसरून फाटलेला भाग सांधत बसले होते. टोपलीकडे बघितलंही नाही, नुसती मान हलवली.

"काका आज बोटीवर होते?" मी विचारलं.

"काका दोन वरसं झाली येत न्हाय. गुडगा गेला त्यांचा. पन जालं त्यांचं हाय, फाटलं का तेच सांधतान. जालं नसतं, त आमी दर्यात जाऊन हातानं मासली धरनार व्हतो का?"

मी हे तिघांना सांगितलं. थापांचे डोळे चमकले. निलंतींनी मात्र लगेच हरकत घेतली. त्यांना सगळ्यात आधी फट दिसते. "त्यांना विचारा, एखाद्या दिवशी खूप मासळी मिळाली आणि जाळ्यावाला म्हणाला, माझ्यामुळे मिळाली, मला जास्त द्या, तर काय करतात?"

मी विचारलं. हिराजी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिला. एवढी शिकलेली माणसं असं कसं विचारतात, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"ताई, वाटा बंदरातना सुटायच्या पयलं ठरतो. सगल्यांच्या म्होरं. मासली बगून वाटा बोलाला बसलं, तर होडी बंदरातच कुजल."

मी ते निलंतींना सांगायला तोंड उघडलं आणि अर्ध्यातच थांबले. मला एकदम माझे चार तक्ते आठवले. पंधरा दिवस आधी, नीटनेटके, 'येताना वाचून यावे'.

"काय म्हणाला तो?" रशीद यांनी विचारलं.

"तो म्हणाला, चूक माझी आहे," मी म्हटलं. आणि मग नीट सांगितलं. पद्धत ठरायच्या आधीच मी सगळ्यांना मासळी दाखवली होती. कुणाच्या पुढ्यात किती पडते ते बघूनच प्रत्येकाने आपली पद्धत निवडली होती. निलंतींनी, थापांनी, रशीद यांनी आणि आमच्या साहेबांनीसुद्धा.

रशीद मोठ्याने हसले. "आपा, मी खरं सांगू? वाढीची मोजणी मला अजिबात पटत नाही. पण तक्त्यात आमचं नाव वर होतं."

"पण आता आकडे बघून झाले," निलंती म्हणाल्या. "ते डोक्यातून कसे काढायचे?"

याचं उत्तर थापांनी दिलं. पाण्याच्या कडेला, उसन्या चपला हातात घेऊन उभे होते. "जी मासळी अजून जाळ्यात आलेली नाही, तिच्यासाठी ठरवू. दिदी, मागच्या वर्षीचे निबंध तुम्ही मोजलेत?"

मोजले नव्हते. एकही नाही. ते अजून कुणीच बघितलेले नव्हते.

वाळूत उपड्या घातलेल्या एका होडीच्या सावलीत आम्ही बसलो. धर्माकाकांनी बसायला जुन्या जाळ्याची घडी दिली. माझ्याकडे कागद होतेच, साहेबांच्या आवडत्या तक्त्याची पाठ कोरी होती. अख्ख्या शनिवारी जे झालं नाही ते तासाभरात झालं, कारण आता कुणाला कुणाचा ढीग दिसत नव्हता. निबंधाचे जेवढे लेखक तेवढे सारखे वाटे. त्यावर एक वाटा त्या जागेचा, जिथलं पाणी, माती, बर्फ किंवा रोगी यांच्यावरून ती माहिती गोळा झाली. हा जाळ्याचा वाटा. हिमालयातल्या बर्फावर कुणीही लिहो, एक वाटा बर्फ जिथला त्या देशाचा. यावर थापांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला. देशाच्या आकड्याशेजारी तिथे संशोधक किती तेही लिहायचं, म्हणजे होडीवर माणसं किती होती ते वाचणाऱ्याला कळेल. हे निलंतींसाठी. आणि रशीद म्हणाले, वाढ काय, दर वर्षी मोजलं की आपोआप दिसेल, मला घाई नाही.

जुने चार तक्ते परिशिष्टात टाकायचे ठरलं. सहा वर्षांतलं अर्धं काम मागे गेलं आणि मागच्या वर्षीचं सगळं मला नव्याने मोजायचं होतं. मला इतका आनंद झाला होता, की ते लक्षातही आलं नाही.

रशीद यांनी सही केली. थापांनी केली. निलंतींनी पेन घेतलं, मग अहवालाची कच्ची प्रत फाइलमधून काढली, पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

"आता काय?" मी घाबरून विचारलं.

"या अहवालातली माहिती गोळा कुणी केली?"

"मी."

"एकटीने?"

"म्हणजे... हो."

"चुकलेली नावं कोणी सांधली?"

मी वाळूवरचे कागद गोळा करायला लागले. निलंतींनी आभारांचं पान माझ्यासमोर धरलं. छपाईवाल्यांच्या खालच्या ओळीवर त्यांचं बोट होतं. "अक्का, नियम होऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. जाळ्याचा वाटा शेवटच्या पानावर, आभारात? आधी तुमची सही. मग माझी."

मी पुष्कळ नाही-होय केलं. माझं काम तांत्रिक आहे, साहेबांना विचारावं लागेल, मी एकही निबंध लिहिलेला नाही, वगैरे वगैरे. निलंतींनी पेन माझ्या पुढ्यात ठेवलं. तीस वर्षं मी इतरांची नावं योग्य जागी लावते आहे. माझं नाव चुकीच्या जागी आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं, की दिसत होतं आणि मी बघत नव्हते? डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने वाळू गेली असं मी सांगितलं. वारा बिलकूल नव्हता.

सही केली. ती माझी नेहमीची सही वाटत नाही. तिच्याखाली निलंतींची आहे, छापल्यासारखी.

पुन्हा मांडवा आणि परतीची एसटी

निघताना हिराजीने सुक्या बोंबलांची एक मोठी पिशवी आमच्या रिक्षात टाकली. मी त्याचं नाव अहवालात घालायचं म्हटलं तर हसला. "माजं नाव कशाला? काकांचं घाला, त्यांना बरं वाटल." आभारांच्या पानावर आता धर्माकाका आहेत.

मांडव्याला बोटीला अर्धा तास होता. जेटीजवळच्या बाकावर पिशवी ठेवली आणि रशीद यांनी हात वर केला. "थांबा. उघडायच्या आधी वाटे ठरवा." आजूबाजूचे पर्यटक नाक दाबून लांब सरकत होते आणि आम्ही चार देशांचे जाणकार अतिशय गांभीर्याने चर्चा करत होतो. ठरलं, वाटे पाच. मग पिशवी उघडली. निलंतींनीच ढीग घातले, वजनाशिवाय, हिराजीसारखे भराभर. एक रशीद यांचा, एक थापांचा, एक त्यांचा स्वतःचा. उरलेले दोन वर्तमानपत्रात वेगवेगळे बांधून त्यांनी माझ्या हातात दिले.

"हा तुमचा," त्या म्हणाल्या. "आणि हा जाळ्याचा."

बोट सुटली. थापा रेलिंगला धरून हात हलवत होते, पायात वंदनाताईंच्या नवऱ्याच्या चपला. तो डावा बूट अजून माझ्याकडे आहे.

अलिबागच्या स्टँडवरून साहेबांना फोन केला. मागे सनई ऐकू येत होती. पद्धत बदलली म्हटल्यावर ते जरा घुटमळले, मग मुद्द्यावर आले. "सह्या झाल्या ना?"

"झाल्या. चार."

"चार कशा? पाहुणे तर तीनच."

मी स्टँडवरच्या गर्दीकडे बघितलं. "चौथी माझी आहे," मी हळूच म्हटलं. "पाचवी जागा तुमच्यासाठी ठेवली आहे."

सनई बराच वेळ वाजत राहिली. मग साहेब म्हणाले, "बरं. सोमवारी बोलू," आणि फोन ठेवला. ते रागावले होते की नाही, ते कळलं नाही. आश्चर्य म्हणजे मला त्याचं फारसं वाटलंही नाही.

पुण्याची एसटी भरली होती. मधल्या सीटवर जागा मिळाली, पिशवी पायाशी ठेवली. गाडी सुटली आणि पाच मिनिटांत वास सगळीकडे पसरला. बायकांनी पदर नाकाला लावले, कुणीतरी खिडकी उघडली. कंडक्टर तिकिटं फाडत मधे आला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडला, "ही सुकी मासळी कुणाची आहे?"

एरवी मी खिडकीबाहेर बघितलं असतं. मी दोन्ही पुड्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून काढल्या, मांडीवर घेतल्या आणि हात वर केला.

"माझी," मी म्हटलं. "दोन्ही वाटे माझे."